चढावरचे शरीरशास्त्र

ब्रॉडवे हे इंग्लंडमधल्या वूस्टरशायर परगण्यातले गाव. रुंद रस्ता, दोन्ही बाजूंना मधाच्या रंगाच्या दगडी घरांची रांग, दारापुढे फुलझाडे. इथून सायकलवर निघालेला प्रवासी गावाबाहेर पडतो आणि थोड्याच वेळात सीटवरून उठून पेडल मारू लागतो. गावाच्या डोक्यावर, समुद्रसपाटीपासून ३१२ मीटर उंचीच्या टेकडीवर, अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेला ब्रॉडवे टॉवर उभा आहे. गाव आणि टॉवर यांच्यामध्ये २०० मीटरहून अधिक चढ आहे. सह्याद्रीतले घाट पाहिलेल्याला हा आकडा किरकोळ वाटेल. पण एरवी दिवसभर खुर्चीत बसून काम करणारा पन्नाशीचा माणूस सामान लादलेली सायकल घेऊन हा चढ चढतो, तेव्हा त्याच्या शरीरात बरेच काही घडत असते.

आधी साधा हिशेब पाहू. स्वाराचे वजन ७० किलो, सायकल आणि सामानाचे २० किलो धरले तर ९० किलो वजन २०० मीटर वर न्यायला सुमारे १७६ किलोज्यूल इतके काम करावे लागते. स्नायू मात्र अन्नातल्या ऊर्जेपैकी जेमतेम पाव हिस्सा पेडलपर्यंत पोहोचवतात, बाकीची उष्णता होऊन जाते. म्हणून या चढाला प्रत्यक्षात १७० ते २०० किलोकॅलरी, म्हणजे साधारण दोन पोळ्यांइतकी ऊर्जा खर्च होते. पेडलवर १०० वॅटची शक्ती लावणाऱ्याला यासाठी अर्धा तास लागेल, १५० वॅट लावणाऱ्याला वीस मिनिटे. काम दोघांचे सारखेच, पण हृदयावरचा ताण सारखा नसतो. सवय नसलेल्याने पहिल्याची चाल धरावी. चढताना सोबत्याशी वाक्य पूर्ण बोलता येत असेल, तर श्रम मध्यम आहेत असे समजावे. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल, तर गिअर हलका करावा. त्यानेही भागले नाही, तर उतरून सायकल ढकलत न्यावी. छातीत दडपण आले, डावा हात किंवा जबडा दुखू लागला, भोवळ आली, तर तिथेच थांबून मदत मागवावी.

हृदय आणि हालचाल यांचे नाते उलगडण्यात ब्रिटनचा वाटा मोठा आहे. डॉ. जेरी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील कर्मचाऱ्यांचा अभ्यास करून १९५३ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. दिवसभर बसून राहणाऱ्या चालकांपेक्षा जिने चढउतार करणाऱ्या वाहकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण कमी आढळले. व्यायाम आणि हृदयाचे आरोग्य यांच्या आधुनिक संशोधनाची ही सुरुवात मानली जाते. पुढे २०१७ मध्ये ग्लासगो विद्यापीठातील संशोधकांनी ब्रिटनमधील २,६३,४५० लोकांच्या माहितीचे विश्लेषण केले. कामावर सायकलने जाणाऱ्यांमध्ये, बसून प्रवास करणाऱ्यांच्या तुलनेत, पाहणीच्या काळात मृत्यूचा धोका ४१ टक्क्यांनी कमी होता. अर्थात हा निरीक्षणावर आधारलेला अभ्यास आहे. सायकल चालवणारे मुळातच अधिक निरोगी असण्याची शक्यता अशा अभ्यासातून पूर्णपणे वगळता येत नाही. शिवाय तो रोजच्या सायकलस्वारांबद्दल बोलतो, वर्षातून आठ दिवस सायकल चालवणाऱ्यांबद्दल नाही. म्हणून अशा सहलीचा खरा फायदा तिच्या तयारीत आहे. दोन-तीन महिने आधीपासून आठवड्यातून तीन-चार वेळा अर्धा-पाऊण तास सायकल चालवली, तर जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सुचवलेला आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम जवळपास पदरात पडतो.

टेकडीच्या माथ्यावर पोहोचले की भूक लागते. ती लागण्याआधीच खाल्लेले बरे. शरीरातला तातडीचा साठा म्हणजे स्नायू आणि यकृतातले ग्लायकोजेन, सारे मिळून सुमारे अर्धा किलो. जोरकस सायकल चालवताना दीड-दोन तासांत ते संपत येते. मग पायांत गोळे आल्यासारखे वाटते, हात थरथरतात, साधा निर्णयही सुचेनासा होतो. त्यामुळे तासाभरातून एकदा केळे, ओटची वडी किंवा जॅम लावलेला स्कोन असे काहीतरी पोटात जावे. गावोगावच्या चहाच्या दुकानांचा सायकलस्वारांना मोठा आधार असतो तो यासाठीच. मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र जेवणाच्या आणि औषधाच्या वेळा डॉक्टरांशी बोलूनच ठरवाव्यात. लांब पल्ल्याच्या व्यायामात त्यांची रक्तशर्करा अचानक घसरू शकते.

चढामागून उतार येतो आणि त्याचे धोके वेगळे. वेग दुप्पट झाला की हवेचा रोध चौपट होतो, आणि त्याला तोंड द्यायला आठपट शक्ती लागते. सपाटीवर वेग वाढवणे इतके अवघड का, याचे उत्तर यातच आहे. उतारावर ही शक्ती गुरुत्वाकर्षण पुरवते, स्वार नुसता बसून असतो. चढताना घामाने भिजलेला अंगरखा आता गार वाऱ्यात सापडतो, स्नायूंची उष्णता थांबलेली असते, आणि उन्हाळ्यातही बोटे बधिर होतात. बधिर बोटांनी ब्रेक नीट दाबला जात नाही. म्हणून माथ्यावरच वारा अडवणारे जाकीट चढवावे.

खाली उतरल्यावर अरुंद वाटा सुरू होतात. दोन्ही बाजूंना झुडपांची उंच कुंपणे, मधून जेमतेम एक मोटार जाईल एवढा रस्ता. या कुंपणांचे वय अदमासण्याची एक रीत वनस्पतीशास्त्रज्ञ मॅक्स हूपर यांनी सुचवली. तीस यार्ड, म्हणजे सुमारे २७ मीटर लांबीच्या पट्ट्यात झाडाझुडपांच्या जितक्या जाती, तितकी शतके त्या कुंपणाचे वय. नियम ढोबळ आहे. जमीन कशी, मूळ लागवडीत किती जाती होत्या, यावर उत्तर बदलते. पण मोटारीच्या काचेतून हिरवी भिंत दिसते, तिथे सायकलवरून हॉथॉर्न, हेझल, मेपल वेगवेगळे ओळखू येतात.

हीच कुंपणे पुढचे वळण झाकतात. ब्रिटनमध्ये रस्त्यावरील निम्म्याहून अधिक मृत्यू ग्रामीण रस्त्यांवर होतात. वाहतूक कमी असली तरी वेग जास्त असतो. सायकलस्वाराला ओलांडताना किमान दीड मीटर अंतर राखावे, आणि ताशी ३० मैलांहून अधिक वेग असेल तर त्याहूनही जास्त, असे तिथल्या वाहतूक नियमावलीत २०२२ पासून स्पष्ट लिहिले आहे. तरीही भडक रंगाचे कपडे, दिवसाही लावलेले दिवे आणि आंधळ्या वळणावर आवरलेला वेग यांना पर्याय नाही. भारतासारखीच डावी बाजू असल्याने आपल्याकडच्या प्रवाशाला ती एक सोय होते.

कॉट्सवोल्ड्सची गावे श्रीमंत झाली ती मेंढीच्या लोकरीवर. बायबरी गावातली आर्लिंग्टन रो ही घरांची प्रसिद्ध रांग १३८०च्या सुमारास लोकरीचे कोठार म्हणून बांधली गेली आणि सतराव्या शतकात तिची विणकरांची घरे झाली. तिचा दगड त्याहून कितीतरी जुना. सुमारे सतरा कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ, उबदार समुद्र होता. त्याच्या तळाशी माशांच्या अंड्यांसारखे चुन्याचे बारीक गोल कण साचून हा चुनखडक बनला. त्यातल्या लोहामुळे त्याला मधाचा रंग आला.

या सुंदर गावांतले जुने आयुष्य मात्र फार आखूड परिघाचे होते. मजुराचे जग म्हणजे पायी जाऊन संध्याकाळी परतता येईल तेवढे. तो परीघ वाढवणारे यंत्र इथून फार दूर नसलेल्या कॉव्हेंट्रीत तयार झाले. जॉन केम्प स्टार्ली यांनी १८८५ मध्ये सारख्या आकाराची दोन चाके आणि मागच्या चाकाला साखळी असलेली 'रोव्हर' सायकल आणली. तीन वर्षांनी बेलफास्टमधले पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले. पुढे भूगोलतज्ज्ञ पी. जे. पेरी यांनी डॉर्सेट परगण्यातील विवाहनोंदी तपासल्या, तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून श्रमिक घरांतल्या वधू-वरांच्या गावांमधले अंतर वाढत गेल्याचे दिसले. यामागे शाळा, रेल्वे, बदलते रोजगार अशी इतर कारणेही होती. तरी सायकलचा हातभार मोठा होता. जवळच्या नात्यातले विवाह कमी झाले की काही आनुवंशिक आजारांची शक्यता घटते. आनुवंशशास्त्रज्ञ स्टीव्ह जोन्स यांनी म्हणूनच सायकलीचा शोध ही मानवी उत्क्रांतीतली अलीकडची सर्वांत महत्त्वाची घटना ठरवली.

त्या काळातल्या काही डॉक्टरांना मात्र सायकलची भीती वाटत होती. तोल सांभाळण्याच्या ताणाने चेहरा कायमचा ओढलेला दिसू लागतो, विशेषतः स्त्रियांचा, असा इशारा १८९०च्या दशकात दिला गेला आणि त्याला 'सायकलचेहरा' अशा अर्थाचे नावही मिळाले. स्त्रिया सायकल चालवतच राहिल्या आणि तो आजार विस्मरणात गेला.

आजची भीती वेगळी आहे, वयाची आणि गुडघ्यांची. गुडघ्यांसाठी सीटची उंची महत्त्वाची. पेडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला असावा. जड गिअर रेटण्यापेक्षा हलक्या गिअरवर पाय भराभर फिरवावेत. आणि ज्यांना चढ झेपतच नाही, त्यांच्यासाठी विजेच्या मदतीची सायकल आहे. ब्रिटनमध्ये २५० वॅटपर्यंतच्या आणि ताशी साडेपंधरा मैलांना मदत थांबवणाऱ्या अशा सायकलीला परवाना लागत नाही. तिच्यावरही पाय मारावेच लागतात आणि नाडी वाढतेच. ब्रॉडवेच्या चढावर तिचा आधार घेतलेला साठीचा स्वार दम राखून टॉवरपाशी पोहोचतो आणि खालचे खोरे डोळे भरून पाहतो. घरी परतल्यावर त्याने आठवड्यातून चार दिवस तरी सायकल बाहेर काढली, तर या सहलीचा खर्च वसूल झाला म्हणायचा.