रिजनरेटिव्ह ब्रेकिंग

रिजनरेटिव्ह ब्रेकिंग ही विद्युत वाहनाचा वेग कमी करताना त्याच्या गतिज ऊर्जेचा काही भाग विजेच्या रूपाने बॅटरीत परत साठवण्याची पद्धत होय.

कार्य

चालकाने अ‍ॅक्सिलरेटरवरील पाय उचलताच मोटर जनित्राप्रमाणे काम करू लागते व चाकांच्या गतीला विरोध करते. बॅटरी पूर्ण भरलेली असल्यास ती आणखी वीज स्वीकारू शकत नाही. तेव्हा हा विरोध घटतो आणि भार घर्षणाच्या ब्रेकवर येतो.

घाटातील वापर

लांब उतारावर हा फरक विशेष जाणवतो. खानदेशात धुळे–चाळीसगाव–कन्नड मार्गावर औट्रम घाट, म्हणजेच कन्नड घाट, लागतो. कन्नडहून चाळीसगावकडे उतरताना बॅटरीत वीज साठते. मात्र बॅटरी आधीच पूर्ण भरलेली असेल, तर नेहमीचा रोध मिळत नाही.

वाहने परत मागवणे

रोधाची तीव्रता सॉफ्टवेअर ठरवते. त्यामुळे दुरुस्तीनंतर वाहन वेगळ्या प्रकारे मंदावू शकते व चालकाला पायाची सवय बदलावी लागते. मे २०२३ मध्ये चीनमध्ये टेस्लाच्या सुमारे ११ लाख मोटारी परत मागवण्यात आल्या. ही तीव्रता निवडण्याची सोय चालकाला नसणे, हे त्यामागील एक कारण होते. दुरुस्ती दूरस्थ सॉफ्टवेअर बदलाने करण्याचे ठरले.

भारतात मोटार वाहन अधिनियमात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०अ समाविष्ट झाले. त्यानुसार केंद्र सरकार सदोष वाहने परत मागवण्याचा आदेश देऊ शकते. उत्पादकाला वाहनाची किंमत परत करावी लागते, वाहन बदलून द्यावे लागते किंवा दुरुस्त करावे लागते. यासंबंधीचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू आहेत.