आरडाओरड्याचे पैसे कोण देतो?

रात्री नऊला एखादी वृत्तवाहिनी लावली की चार-सहा माणसे एकाच वेळी ओरडत असतात. कोणी एखाद्या जमातीला घालूनपाडून बोलतो आणि निवेदक त्याला आवरण्याऐवजी चेतवतो. आपण कपाळाला हात लावतो, पण वाहिनी बदलत नाही.

इथेच सारी मेख आहे. वृत्तवाहिनीचे मुख्य उत्पन्न जाहिरातीचे आणि जाहिरातीचा दर ठरतो टी.आर.पी.वर. २०२० साली देशातील सुमारे २१ कोटी टीव्हीधारक घरांपैकी जेमतेम ४४ हजार घरांत मापकयंत्रे होती. संच कोणत्या वाहिनीवर आहे हे यंत्राला कळते. माणूस आवडीने पाहतो की संतापाने, हे कळत नाही. त्यामुळे संतापही विकला जातो. खरे गिऱ्हाईक जाहिरातदार. आपण प्रेक्षक म्हणजे त्याला विकला जाणारा माल!

ऑक्टोबर २०२० मध्ये अशाच एका गिऱ्हाइकाने तोंड उघडले. समाजात विष कालवणाऱ्या गोष्टींशी आपले नाव जोडले जाऊ नये म्हणून तीन वाहिन्या जाहिरातीच्या काळ्या यादीत टाकल्याचे बजाज ऑटोच्या राजीव बजाज यांनी मुलाखतीत सांगितले. पार्ले प्रॉडक्ट्सनेही तशीच भूमिका घेतली. आपल्या शहराला ही कंपनी परकी नाही. १९८५ पासून तिचा कारखाना वाळूजला आहे. आमच्या गल्लीतले कितीतरी जण तिथे, नाहीतर तिला सुटे भाग पुरवणाऱ्या कंपन्यांत पाळीला जातात. जाहिरातीचा खर्च अखेर गाडीच्या किमतीतूनच निघतो. म्हणजे हप्त्याने मोटारसायकल घेणारा माणूसही नकळत त्या आरडाओरड्याला वर्गणी देत असतो.

तरी सारे उद्योगपतींच्या सद्बुद्धीवर सोडावे काय? मला ते पटत नाही. एक जाहिरातदार उठला की दुसरा बसतो. १९९५ च्या केबल कायद्याखालील कार्यक्रम-संहितेत धर्म वा जमातींवर हल्ला करणाऱ्या कार्यक्रमांना मनाई आहे. परंतु वृत्तवाहिन्यांनी स्वतःच नेमलेल्या मंडळाचा दंड २०२३ साली जास्तीत जास्त १ लाख रुपयांचा होता! हा विषय मुंबई उच्च न्यायालयाच्या २०२१ च्या निकालावरील अपिलात सर्वोच्च न्यायालयापुढे आला. त्या कार्यक्रमातून मिळालेल्या नफ्याच्या प्रमाणात दंड असावा, असे ऑगस्ट २०२३ मध्ये सरन्यायाधीश चंद्रचूड यांनी सुचवले. हिशेब साधा आहे: दंड नफ्याहून लहान असेल तर तो धंद्याचा खर्च ठरतो.

हे सारे मी घरी वडिलांना सांगितले. त्यांनी एकच विचारले, "त्या तीन वाहिन्या कोणत्या?" मुलाखतीत नावे घेतलेली नव्हती.