हिरव्या जाळीखालची शेवंती

नागपुरात एप्रिल लागला की कूलरला गवताच्या नव्या ताट्या लागतात आणि गच्चीवर हिरवी जाळी चढते. पारा पंचेचाळिशी ओलांडतो, तेव्हा या जाळीशिवाय कुंडीतलं काहीच वाचत नाही. ती चढवायची आठवण सगळ्यांना असते, काढायची कुणालाच नसते. यंदा मलाही नव्हती.

जुलैच्या मध्यात माझ्या अकरा कुंड्यांतली शेवंती कमरेला लागली आणि मी खूश होते. महिन्यातून दोनदा येणारे माळीदादा मात्र जिना चढून आले ते वर बघतच. "ताई, जाळी अजून काहून ठेवली? मे गेला न."

त्यांनी एका फांदीवर बोटं आडवी ठेवून दाखवली. एका पानापासून वरच्या पानापर्यंत तीन बोटं मावत होती. शेजारच्या उघड्या गच्चीवरच्या शेवंतीत जेमतेम एक मावलं असतं. खालची पानं पिवळी, देठ काडीसारखा, हात लावला की सगळं झाड लवतं. ही वाढ नव्हतीच, उजेडासाठी चाललेली धडपड होती. अर्धं ऊन जाळी अडवत होती, उरलेलं पावसाळी ढग. त्यात मी दर आठवड्याला मायेने ढेपेचं पाणी घालत होते. नत्र भरपूर आणि ऊन नाही, मग झाड नुसतं लांबणार.

जाळी त्याच दिवशी निघाली, पण अर्धीच. एकदम उघडं केलं आणि मध्येच कडक ऊन पडलं तर कोवळी पानं करपतात. ढेप बंद. मग खुडणी.

अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत शेंडा धरायचा, जरा वाकवायचा. टचकन तुटला तर देठ कोवळा आहे. वाकून सालीला लोंबला तर तिथे कात्रीच हवी. कापायचं ते पेराच्या लगेच वर, कारण फुटवा पानाच्या बगलेतल्या डोळ्यातून येतो. खाली पाच-सहा चांगली पानं ठेवायची. तीन कुंड्या होईपर्यंत माझं नख काळपट हिरवं झालं होतं आणि बोटांना शेवंतीचा तो कडवट वास. चौथ्या कुंडीशी हात अडला. एवढी वाढवलेली फांदी! "तोडा न ताई, तिले नाही दुखत."

शेंड्यात ऑक्सिन नावाचं संप्रेरक तयार होतं. ते खाली उतरत राहतं, तोवर बगलेतले डोळे झोपलेले असतात. १९३३ साली केनेथ थिमन आणि फोल्के स्कूग यांनी बाकल्याच्या रोपांचे शेंडे छाटून जखमेवर ऑक्सिन लावलं, तेव्हा शेंडा नसूनही बाजूचे डोळे दबलेलेच राहिले. घरातला कर्ता माणूस उठून गेल्याशिवाय धाकट्यांना तोंड फुटत नाही, तसंच काहीसं.

आठ-दहा दिवसांनी पानांच्या बगलेत मोहरीएवढे हिरवे ठिपके दिसले. एका काडीच्या जागी चार फांद्या आल्या, त्याही आखूड पेरांच्या. खुडलेले शेंडे, खालची पानं काढून, ओल्या रेतीत खोचले होते. पावसाळी हवेत त्यांना तीनेक आठवड्यांत मुळं धरली. ऑगस्टमध्ये खुडणीचा दुसरा हात झाला.

पुढे थांबायचं कधी, हा खरा प्रश्न. दिवस लहान होत जातो तशी शेवंती कळी धरते. उशिरा खुडलं तर कळीच हातात येते. माळीदादांचं कॅलेंडर सोपं आहे: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक निघाली की शेवंतीला हात लावायचा नाही.

डिसेंबरात दहा कुंड्यांत पानं दिसेनाशी झाली, इतकी फुलं. अकरावी मी चोरून तशीच ठेवली होती. तिच्या एकाच काडीच्या टोकाला पाच फुलं आली आणि त्यांच्या भाराने ती कठड्यावर आडवी झाली. माळीदादांनी बांबूची काडी रोवली, सुतळीने झाड तिला बांधलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि गुलाबाच्या कुंडीकडे वळले.