‘डबल ग्राफिक्स’चा लॅपटॉप घेताना पन्हा मोजून घ्या

आपल्या भिवंडीत कापडाची डिझाइन करणारी पोरे असोत की गेम खेळणारी, ‘डबल ग्राफिक्स’चा लॅपटॉप हवा म्हणून हट्ट धरतात. विकणाराही ‘यात दोन कार्डे आहेत’ असे सांगून भाव चढवतो. व्यापारी बांधवांनी पैसे मोजण्यापूर्वी एवढे ध्यानात घ्यावे की या एका नावाखाली दोन वेगळे माल विकले जातात.

पहिला माल म्हणजे दोन सारखी मोठी कार्डे जोडलेला लॅपटॉप. एसर कंपनीचा प्रेडेटर २१ एक्स हा त्यातला सर्वांत मोठा नमुना. २०१७ मध्ये तो भारतात आला तेव्हा किंमत होती ६,९९,९९९ रुपये, वजन आठ किलोंहून अधिक, आणि आत एनव्हिडियाची दोन जीटीएक्स १०८० कार्डे. प्रत्येक कार्डाला ८ जीबी मेमरी, म्हणून विकणारा सरळ १६ जीबी सांगतो. इथेच गिऱ्हाईक फसते.

कार्ड आणि त्याची मेमरी यांच्यात सेकंदाला किती माहिती ये-जा करते, त्याला बँडविड्थ म्हणतात. मागाचा हिशेब ज्याला येतो त्याला हा अवघड नाही. पन्हा किती आणि माग किती वेगाने चालतो, एवढेच पाहायचे. जीटीएक्स १०८० चा पन्हा २५६ बिट, वेग १० गिगाबिट; गुणून ८ ने भागले की सेकंदाला ३२० जीबी. आता ४८ इंची दोन माग शेजारी लावले म्हणून ९६ इंची कापड निघते काय? दोन्ही मागांवर बीम वेगळा चढवावा लागतो. तसेच दोन्ही कार्डांत तेच साहित्य दोनदा भरले जाते, म्हणून ८ अधिक ८ हे ८ च राहतात. कार्डे आळीपाळीने एकेक चित्र काढतात, तेही त्या गेममध्ये तशी सोय असेल तरच. नसेल तर दुसरे कार्ड नुसते बसून राहते. अशा जुन्या कार्डांसाठी नव्या गेमची सोय करून देणे एनव्हिडियाने १ जानेवारी २०२१ पासून बंद केले. फोटोशॉप तर एकच कार्ड वापरते. असा जुना माल विकणाऱ्या आपल्या भावांनी हे गिऱ्हाइकाला आधीच सांगावे. ऐब लपवून केलेल्या विक्रीत बरकत नसते.

आज दुकानात मिळतो तो दुसरा माल. त्यात प्रोसेसरमध्येच बसवलेले एक छोटे कार्ड आणि वेगळे एक मोठे कार्ड असते. छोट्याला स्वतःची मेमरी नसते, ते लॅपटॉपच्या रॅमवर जगते. डीडीआर४ ३२०० ची एकच पट्टी असेल तर बँडविड्थ २५.६ जीबी, दोन असतील तर ५१.२. पुष्कळ लॅपटॉप एकाच पट्टीवर विकले जातात, हे पोरांना ठाऊक नसते.

यात आणखी एक मेख आहे. चित्र मोठे कार्ड काढते, पण पडद्याची तार बहुधा छोट्याकडे असते. मग प्रत्येक चित्र छोट्याच्या वाट्याच्या मेमरीत उतरवावे लागते. १९२० बाय १०८० चे एक चित्र सुमारे ८.३ एमबी, सेकंदाला १४४ चित्रे म्हणजे जवळपास १.२ जीबी. मधला रस्ता ८ लेनचा पीसीआयई ४.० असेल तर त्यावरून सुमारे १६ जीबी जातात, म्हणजे रस्ता काही तुंबत नाही. पण वळसा तो वळसाच, अंजूर फाट्यावरून रोज जाणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. ज्या लॅपटॉपला मक्स स्विच आहे, त्यात मोठे कार्ड सरळ पडद्याला जोडता येते. तो आहे की नाही, हे विचारून घ्यावे.

कार्डाचे नाव ऐकून मात्र भुलू नये. लॅपटॉपमधल्या आरटीएक्स ४०५० चा पन्हा ९६ बिट, बँडविड्थ १९२ जीबी. ४०६० चा १२८ बिट आणि २५६ जीबी. आकड्यात ४०६० हे जुन्या १०८० पेक्षा कमी दिसते, पण त्याच्या पोटातच ३२ एमबीची जलद मेमरी असल्याने बाहेर फेऱ्या कमी माराव्या लागतात. तेव्हा नव्या-जुन्याची तुलना नुसत्या या आकड्यावर करू नये.

जीपीयू-झेड नावाचे मोफत सॉफ्टवेअर दुकानातच चालवून पाहावे. कार्डाचा पन्हा, बँडविड्थ आणि पीसीआयईच्या लेन त्यात दिसतात. रॅमची पट्टी एक की दोन, हे विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर लिहिलेले असते.