बंद तारेतली वीज

उमरेड परिसरात वळवाचा वारा सुटला, की एखादी फांदी तारेवर पडते आणि गाव अंधारात जाते. लगेच लाइनमनचा फोन वाजू लागतो, ‘लाइट केव्हा येणार?’ अनेक अपघातांची सुरुवात या घाईतच होते.

लाइनमन बहुधा तार बंद आहे या समजुतीनेच तिला हात लावतो. पण उपकेंद्रातून फीडर बंद केला, तरी तारेत वीज येण्याच्या वाटा उरतात. एकाच खांबावर दोन फीडरच्या तारा असल्या, तर भलताच फीडर बंद होऊ शकतो. काम संपले समजून कुणी तो पुन्हा चालू करतो. एखाद्या दुकानातले जनरेटर चेंजओव्हर स्विचशिवाय जोडलेले असेल, तर वीज उलटी डीपीकडे धावते. 11,000 व्होल्टचा दाब घरगुती 230 व्होल्टपर्यंत उतरवणारा ट्रान्सफॉर्मर उलट बाजूने तोच दाब पुन्हा हजारो व्होल्टवर चढवतो.

शरीराला मात्र फार थोडी वीज पुरते. 10 ते 20 मिलिअँपिअरला स्नायू आखडतात, धरलेली तार सुटत नाही. 50 ते 100 मिलिअँपिअर छातीतून गेले, तर हृदयाची लय बिघडून मृत्यू येऊ शकतो. कोरडी त्वचा प्रवाहाला अडवते. घामाने भिजली की हा अडथळा कैक पटींनी घटतो. 45 अंशांच्या उन्हात रबरी हातमोजे नकोसे होतात, आणि नेमके तेव्हाच ते सर्वांत गरजेचे असतात. धक्का सौम्य असला, तरी पट्टा बांधलेला नसेल तर खांबावरून पडणे जिवावर बेतते.

उपाय जुनाच आहे. परमिट घ्यायचे, स्विच उघडून त्याला कुलूप लावायचे, तारेत वीज नाही हे तपासायचे आणि कामाच्या दोन्ही बाजूंना तारा एकमेकींना जोडून अर्थिंग करायचे. मग चुकून वीज आलीच, तरी ती जमिनीत जाते आणि उपकेंद्रातला ब्रेकर पडतो. अर्थिंग होईपर्यंत तार चालूच समजायची.

यातली प्रत्येक पायरी काही मिनिटे मागते. ती मिनिटे देणे आपल्या हाती आहे. आकडे टाकू नका, जनरेटरला चेंजओव्हर बसवा आणि तक्रार 1912 वर नोंदवा. खांबावर चढलेल्या माणसाचा फोन तेवढा वेळ शांत राहू द्या.