खंड पडलेला विद्यार्थी : तंजावरचे सरफोजी राजे

शिक्षण मध्येच सुटले आणि काही वर्षांनी पुन्हा वर्गात जाऊन बसायची वेळ आली, की भल्याभल्यांची छाती धडधडते. त्यातून तो वर्ग इंग्रजीचा असेल तर विचारूच नका! आजारपणामुळे शाळा बुडालेला मुलगा, नोकरीमुळे कॉलेज सोडलेला तरुण, मुले मोठी झाल्यावर पुन्हा पुस्तक हाती घेणारी गृहिणी, या सर्वांच्या मनात एकच प्रश्न असतो : ‘आता मला हे जमेल का?’ या प्रश्नाचे एक छान उत्तर आपल्याच इतिहासात आहे. ते महाराष्ट्रात नाही, तर दूर तामीळनाडूत, कावेरीकाठच्या तंजावरात सापडते.

तंजावरला मराठी राज्य स्थापन केले ते शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी. त्याच भोसले घराण्यात २४ सप्टेंबर १७७७ रोजी सरफोजींचा जन्म झाला. तंजावरचे राजे तुळजाजी यांना वारस उरला नव्हता. म्हणून १७८७ मध्ये, मृत्यूपूर्वी थोडेच दिवस आधी, त्यांनी नऊ वर्षांच्या सरफोजींना दत्तक घेतले आणि त्यांची काळजी वाहण्याची विनंती केली ती श्वार्ट्‌झ नावाच्या जर्मन पाद्र्याला. श्वार्ट्‌झ १७५० मध्ये हिंदुस्थानात आले होते. तामीळ तर त्यांना उत्तम येईच, पण दरबारात बोलण्यापुरती मराठीही त्यांनी आत्मसात केली होती.

अंधाराची वर्षे

राजा अज्ञान म्हणून तुळजाजींचे सावत्र बंधू अमरसिंह यांच्याकडे कारभार आला. पुढे पंडितांचे मत घेऊन कंपनी सरकारने दत्तकविधान अमान्य केले आणि अमरसिंहच गादीवर बसले. मग सरफोजींचे काय? वाड्यातच त्यांना जवळजवळ नजरकैदेत ठेवण्यात आले. बाहेर हिंडणे-फिरणे नाही, बरोबरीची मुले नाहीत आणि शिक्षणाची धड व्यवस्था नाही. ज्या वयात मूल भराभर शिकते, ती वर्षे अशीच वाया चालली होती.

श्वार्ट्‌झ स्वस्थ बसले नाहीत. मुलाची आबाळ होत असल्याच्या तक्रारी त्यांनी मद्रासच्या सरकारकडे पुन्हा पुन्हा केल्या. अखेर १७९३ मध्ये सरफोजींना आणि तुळजाजींच्या राण्यांना मद्रासला हलवण्यात आले. तिथे गेरिके नावाच्या दुसऱ्या जर्मन पाद्र्याच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण नव्याने मार्गी लागले.

त्या वेळी सरफोजींचे वय होते सुमारे सोळा वर्षांचे. गाव परके, गादी मिळेल की नाही याची शाश्वती नाही आणि समोर एक संपूर्ण नवी भाषा. गंमत अशी, की श्वार्ट्‌झ काय किंवा गेरिके काय, दोघांचीही मातृभाषा इंग्रजी नव्हती. तीही त्यांनी शिकूनच मिळवली होती. ज्याने स्वतः परकी भाषा घासून पुसून आपलीशी केली आहे, त्याला शिकणाऱ्याची अडचण बरोबर कळते, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांना असेल.

पाच वर्षांनी राजपद

दरम्यान दत्तकाचा प्रश्न पुन्हा विचारात घेतला गेला आणि निकाल सरफोजींच्या बाजूने लागला. जून १७९८ मध्ये ते गादीवर बसले. हा सोहळा पाहायला श्वार्ट्‌झ मात्र नव्हते. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांचे निधन झाले होते. राजांनी गुरूसाठी इंग्रजीत स्मरणकविता रचली. जॉन फ्लॅक्समन या प्रसिद्ध शिल्पकाराकडून त्यांनी संगमरवरी शिल्पही करवून घेतले. त्यात शिष्य मृत्युशय्येवरील गुरूचा हात हाती घेऊन उभा आहे. शिवगंगा तळ्याजवळच्या चर्चमध्ये ते आजही पाहायला मिळते.

राज्य मिळाले, पण सत्ता मिळाली नाही. १७९९ च्या तहाने सगळा कारभार कंपनीकडे गेला. राजांच्या हाती उरला किल्ला आणि आसपासचा थोडा मुलूख. एखादा ऐषारामात बुडून गेला असता. सरफोजींनी मात्र आयुष्यभर विद्यार्थीच राहायचे ठरवले असावे!

शिकलेले वाटून टाकले

त्यांनी युरोपातून पुस्तके मागवली. इंग्रजी, फ्रेंच, जर्मन अशा भाषांतील साडेचार हजारांहून अधिक ग्रंथ त्यांनी जमवले. सरस्वती महाल ग्रंथालयातील त्यांपैकी अनेक पुस्तकांवर त्यांची इंग्रजी सही आहे. धन्वंतरी महालात औषधांचे प्रयोग चालत आणि नेत्ररोग्यांच्या नोंदी डोळ्यांच्या चित्रांसह ठेवल्या जात. १८२६ मध्ये बिशप हेबर तंजावरला आले, तेव्हा हा राजा लाव्हाझिए आणि लिनिअस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांचे दाखले सहज देतो आणि शेक्सपिअरवर मार्मिक बोलतो, हे पाहून ते थक्क झाले.

पण आपल्याला अधिक मोलाचे वाटावे ते पुढचे. इंग्रजी शिकून राजांनी मराठी टाकली नाही. उलट, नव्या भाषेतून मिळालेले त्यांनी मराठीत आणले. त्यांच्या देवनागरी छापखान्यातून १८०६ च्या सुमारास इसापनीतीचे सखण्णा पंडितांनी केलेले मराठी भाषांतर ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने बाहेर पडले. ‘देवेंद्र कुरवंजी’ या मराठी नाटकात तर त्यांनी भविष्य सांगणाऱ्या कुरवंजीच्या तोंडून चक्क जगाचा भूगोल वदवला! तामीळ मुलखातला नाट्यप्रकार, मराठी भाषा आणि पाश्चात्त्य विद्या यांचा असा त्रिवेणी संगम क्वचितच आढळेल. बृहदीश्वराच्या मंदिरात भोसले कुळाचा प्रचंड शिलालेख १८०३ मध्ये कोरवला, तोही मराठीतच.

स्वतःचे शिक्षण अडल्याची जाणीव त्यांना असणारच. त्यांनी शाळा काढल्या. ओरत्तनाडच्या मुक्तांबाळ छत्रात मुलांच्या जेवणाबरोबर शिक्षणाचीही सोय केली. ७ मार्च १८३२ रोजी ते वारले. पण तंजावरमधील मराठी घराण्यांत तामीळच्या लयीतली मराठी आजही बोलली जाते आणि त्यांचे नाव आदराने घेतले जाते.

घरातल्या कुणाचे शिक्षण काही कारणाने थांबले असेल, तर सरफोजींची एवढी गोष्ट त्याला अवश्य सांगा. मात्र त्यातला श्वार्ट्‌झही विसरू नका. मुलाची जिद्द मोठी खरी, पण ‘याला शिकू द्या’ म्हणून वर्षानुवर्षे अर्ज करणारे एक वडीलधारे माणूस त्याच्या मागे उभे होते. आपल्या घरात परत वही उघडणाऱ्या मुलाला, सुनेला किंवा आईला तेवढा आधार आपण नक्कीच देऊ शकतो. रोज संध्याकाळी घरकामातून तिला तासभर मोकळीक द्यायची आणि पहिल्या चुकीला हसायचे नाही. सुरुवातीला एवढे पुरे आहे.