प्रयोजन : एक भिंत

बँकेच्या कर्जअर्जात ‘प्रयोजन’ नावाचा एक रकाना असतो. म्हैस, पिठाची गिरणी, किराणा दुकान असे काही त्यात लिहिले की आम्हा अधिकाऱ्यांचा जीव भांड्यात पडे. २००५ साली कृष्णेला पूर आला. पाणी ओसरल्यावर नदीकाठच्या एका गावातली शिवणकाम करणारी बाई माझ्यासमोर येऊन बसली. तिच्या घराची मातीची भिंत बसली होती आणि शिलाई मशीन गंजले होते. मी म्हटले, ‘‘बाई, मशीनसाठी कर्ज देता येईल, भिंतीसाठी नाही.’’ ती म्हणाली, ‘‘सायेब, मग मशीन ठिवू कुठं?’’

मी मशीनचे कर्ज मंजूर केले. भिंतीचे तिने काय केले, हे विचारायला पुन्हा त्या गावी गेलो नाही.

पुढे बांगलादेशातल्या ग्रामीण बँकेची हकीकत वाचताना हाच प्रश्न भेटला आणि थोडे ओशाळल्यासारखे झाले. १९८४ च्या सुमारास तिथल्या मध्यवर्ती बँकेने ग्रामीण घरांसाठी पुनर्वित्ताची योजना काढली. प्रा. मुहम्मद युनूस यांनी भूमिहीनांसाठी ५,००० टाका कर्जाचा प्रस्ताव धाडला. तज्ज्ञांचे उत्तर आले, एवढ्याशा पैशात घर होत नाही! बरे, मग घर म्हणू नका, निवारा म्हणा. तर पुढची हरकत अशी की यातून उत्पन्न येत नाही. त्यावर युनूस यांचे म्हणणे होते की आमच्या कर्जदार बाया घरातच काम करतात, तेव्हा त्यांचे घर हाच त्यांचा कारखाना. आमच्या गावची बाई काय वेगळे सांगत होती? अखेर ते कर्ज सुरू झाले.

घर म्हणजे काय, तर उंच केलेला मातीचा चौथरा, चार कोपऱ्यांना सिमेंट-काँक्रीटचे चार खांब, मधे बांबूचे आधार आणि डोक्यावर नालीदार पत्रा. संडासासाठी सिमेंटची लादीही त्यात धरलेली. खांब बँकेनेच ठिकठिकाणी ओतवून घेतले. भिंती मात्र ज्याच्या-त्याच्या ऐपतीने, बांबूच्या तट्ट्याच्या किंवा तागाच्या काड्यांच्या. सगळी मेख इथेच आहे. नुसता बांबू जमिनीत पुरला की ओलीने बुडातून कुजतो आणि पुरात घर बसते. काँक्रीटचा खांब कुजत नाही. पाण्याने तट्ट्या गेल्या तर गेल्या. त्या पुन्हा विणता येतात. महाग ते टिकते, स्वस्त ते वाहते.

फेड आठवड्याच्या हप्त्याने, वर्षानुवर्षे. व्याजही धंद्याच्या कर्जापेक्षा कमी. पुढे धंद्याला २० टक्के असताना घराला ८ टक्के होते. पण मला सगळ्यांत मोलाची वाटते ती दुसरी अट : घराखालची जागा बाईच्या नावावर हवी. नवऱ्याच्या नावावर असेल तर आधी तिच्या नावे करून द्या, मग कर्ज. तोंडी तलाक देऊन बायकोला घराबाहेर काढणे जिथे सोपे, तिथे या कागदाची किंमत त्या चार खांबांपेक्षा कमी नव्हती. (आपल्याकडे सातबाऱ्यावर बायकोचे नाव चढवताना घरोघरी काय रामायण होते, ते मी टेबलाच्या या बाजूने पुष्कळ पाहिले आहे.)

१९८९ मध्ये या कामाला वास्तुकलेचा आगाखान पुरस्कार मिळाला, तेव्हा सुमारे ४४,५०० घरे झाली होती. आराखडा एखाद्या नामवंत वास्तुविशारदाचा नव्हे, तरीही! पुढे हा आकडा पाच लाखांवर गेला.

मात्र हप्ता म्हणजे हप्ताच. १९९८ च्या महापुरात निम्म्याहून अधिक देश आठवडेच्या आठवडे पाण्याखाली राहिला. कोंबड्या, गाई, भाताचे पीक गेले. घरदुरुस्तीला आणि धंद्याला नवी कर्जे दिली गेली, ती जुन्यांवर चढली आणि पुष्कळ बायका साप्ताहिक बैठकीला यायच्याच थांबल्या. तोवर बँकेला आपल्या वसुलीचा फार अभिमान होता. मग तिने नियमच बदलायला घेतले. २००२ पर्यंत जी नवी पद्धत बसली, तिच्यात अडचणीतल्या बाईला हप्ता लहान करून, मुदत वाढवून घेता येऊ लागली. आमच्याकडे यालाच कर्जाची पुनर्बांधणी म्हणत, आणि ती बहुधा कारखानदारांना मिळे.